मेजर टॉमस कँडी आणि मराठी गद्याची विरामव्यवस्था

एकोणिसाव्या शतकात मराठीच्या अभ्यासाला हातभार लावणाऱ्या युरोपीयांपैकी काही जण पेशाने सैनिक होते. मेजर टॉमस कँडी (१८०४–१८७७) हे त्यांतील एक होत. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख बहुधा दोन प्रकारे होतो: कोशकार म्हणून गौरवाने, आणि मराठीला इंग्रजी वळण लावणारे अधिकारी म्हणून रोषाने. या दोहोंपेक्षा त्यांच्या कार्याचा तिसरा भाग अधिक टिकाऊ ठरला. परंतु तो अंगवळणी पडल्यामुळे आज सहसा जाणवत नाही.

कँडी १८२२ साली हिंदुस्थानात आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील सैन्यात ते अधिकारी होते. पण त्यांचे नाव झाले ते भाषेच्या क्षेत्रात. कॅप्टन मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे साहाय्यक म्हणून टॉमस आणि त्यांचे जुळे बंधू जॉर्ज या दोघांची नावे ग्रंथावर आली. पुढे मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडी यांनी पूर्ण केला व तो १८४७ मध्ये छापला गेला. मराठी-इंग्रजी कोशात प्रचारातील शब्द टिपून त्यांचा अर्थ द्यावयाचा असतो. इंग्रजी-मराठी कोशात, ज्या कल्पनांना मराठीत रूढ शब्द नाही त्यांनाही प्रतिशब्द सुचवावा लागतो. येथेच संग्राहकाचा नियामक होतो.

पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख आणि सरकारी भाषांतरकाराचे पद यांमुळे हे नियामकत्व दृढ झाले. सरकारी शाळांसाठी तयार होणारी मराठी पुस्तके त्यांच्या नजरेखालून जात. लष्करी सेवा मागे पडली तरी ‘मेजर’ ही पदवी नावाशी अखेरपर्यंत राहिली, आणि शिस्तीची सवयही राहिली असे म्हणावयास हरकत नाही.

या शिस्तीचे सर्वांत स्पष्ट फळ म्हणजे १८५० सालचे ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक. छापील मराठीत विरामाच्या काही खुणा त्यापूर्वीही दिसत. तथापि त्यांचे नियम मांडणे आणि पाठ्यपुस्तकांच्या द्वारे त्या रूढ करणे, याचे श्रेय मुख्यत्वे कँडी यांच्याकडे जाते.

या बदलाचे स्वरूप समजण्यासाठी आधीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मोडी लिहिताना प्रथम ओळीची रेघ आखून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत. शब्दाशब्दांत अंतर ठेवण्याचा प्रघात नव्हता. तरीही बखरी आणि पत्रे वाचणाऱ्यास अर्थबोध होई, कारण विरामाचे काम भाषेतील शब्दच करीत असत. क्रियापद बहुधा शेवटी येत असल्याने वाक्याची समाप्ती कळे. ‘उदईक यावे म्हणून सांगितले’ यासारख्या रचनेत ‘म्हणून’ हा शब्द आजच्या अवतरणचिन्हाची जागा घेई. ‘जर–तर’, ‘जो–तो’, ‘जेव्हा–तेव्हा’ या जोड्या उपवाक्यांच्या सीमा दाखवीत. मराठीला विराम नव्हता असे नव्हे. तो कानाला कळणारा होता. कँडी यांच्या व्यवस्थेने तो डोळ्यांना दिसू लागला. मोठ्याने वाचावयाच्या गद्याकडून मनातल्या मनात वाचावयाच्या गद्याकडे जाण्यास याचे मोठे साहाय्य झाले.

मात्र या लाभाला दुसरी बाजू होती. ज्या हाताने चिन्हे आली त्याच हाताने वाक्यरचनेचे व शब्दयोजनेचे दंडकही आले. कोणते मराठी शुद्ध, याचा निर्णय जन्माने मराठी नसलेल्या अधिकाऱ्याने करावा, हे पुढच्या पिढीस मानवले नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ मध्ये सुरू केलेल्या ‘निबंधमाले’तून या वर्चस्वावर कठोर टीका केली. त्यांचे वडील कृष्णशास्त्री हे त्याच पाठशाळेत शिकलेले होते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ही टीका अस्थानी नव्हती. भाषेचे प्रमाण ठरविण्याचा अधिकार पदामुळे प्राप्त होतो की भाषकांच्या मान्यतेने, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न आजही अभ्यासकांसमोर आहे.

परंतु त्या प्रश्नाचे अंशतः उत्तर खुद्द चिपळूणकरांच्या गद्यातच मिळते. अनेक उपवाक्ये पोटात घेऊन चालणारी त्यांची दीर्घ वाक्ये अल्पविराम व अर्धविराम यांच्या आधाराने उभी आहेत. कँडी यांचा अधिकार त्यांनी नाकारला. चिन्हे मात्र स्वीकारली. भाषकांनी जे सोयीचे तेवढे घेतले आणि जे लादलेले वाटले ते सोडून दिले.

१८७७ मध्ये महाबळेश्वर येथे कँडी यांचे निधन झाले. अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी या देशात काढला. हिंदी गद्यात वाक्याच्या शेवटी उभा दंड टिकून राहिला, तर मराठी गद्यात त्या जागी बिंदू स्थिर झाला. त्यांच्या शैलीचा वाद इतिहासजमा झाला आहे. त्या काळी रुजलेली विरामव्यवस्था मात्र मराठीची स्वतःची झाली असून तिचे परकेपण कोणास जाणवतही नाही.