मोहरीला दोन कुळे

दिसण्यावरून नाते ठरवायला गेले की कोबीच्या कुळात हमखास फसगत होते. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल ही एकमेकांची कोणी लागत असतील असे वाटत नाही. तरी वनस्पतिशास्त्राच्या लेखी ती सारी ब्रासिका ओलेरेसिया या एकाच जातीची. भूमध्य समुद्राकाठच्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या कुठे पाने, कुठे खोड, कुठे फुलोरा निवडत नेला आणि एका रानवनस्पतीची इतकी रूपे झाली. उलट आपल्या नेहमीच्या मोहरीचे आणि ‘ब्रासिका नायग्रा’ या काळ्या मोहरीचे दाणे सहज एकमेकांत खपून जातील, पण त्या दोन स्वतंत्र जाती आहेत. त्याहून नवल म्हणजे आपली मोहरी, ब्रासिका जुन्सिया, एका पूर्वजापासून फुटून निघालेली नाही. काळी मोहरी आणि सलगम-सरसोंची जात ब्रासिका रापा यांच्या संकरातून ती जन्मली. जाती फक्त फुटून वाढतात, ही आपली समजूत मोहरीच्या बाबतीत टिकत नाही. इथे दोन शाखा जुळून तिसरी झाली आहे.

याचा पहिला पुरावा गुणसूत्रांनी दिला. परागकण आणि बीजांड यांतल्या लिंगपेशींत रापाची 10, काळ्या मोहरीची 8 आणि कोबीची 9 गुणसूत्रे असतात, मोहरीची 18. दहा अधिक आठ अठरा हा निव्वळ योगायोगही असू शकतो, असे कोणी म्हणेल, आणि नुसत्या बेरजेवर कुळ ठरवू नये हे खरेच आहे. पण जपानमध्ये मोरिनागा यांनी मोहरीचा रापाशी संकर केला, तेव्हा दहा गुणसूत्रांना जोडीदार मिळाले आणि आठ एकटी उरली. जोडी जमते ती सारख्या गुणसूत्रांची. म्हणजे रापाचा सबंध संच मोहरीत आधीच होता. हे धागे 1935 मध्ये नागाहारू यू यांनी एकत्र आणले. तोक्योत जन्मलेल्या या कोरियन वंशाच्या शास्त्रज्ञाने तीन मूळ जाती त्रिकोणाच्या कोनांवर आणि तीन संकरित जाती बाजूंवर मांडल्या. रापा आणि काळी मोहरी यांच्यामध्ये मोहरी, रापा आणि कोबी यांच्यामध्ये रेपसीड, काळी मोहरी आणि कोबी यांच्यामध्ये इथिओपियन मोहरी. शिवाय रापा आणि कोबी यांच्या संकरातून त्यांनी रेपसीड प्रत्यक्ष घडवून दाखवले.

यावर खरा आक्षेप वेगळाच आहे. दोन जातींची संतती बहुधा वांझ निघते; मग मोहरीचा वंश चालला कसा? वांझपणाचे कारण पाहिले की उत्तर सापडते. संकरित रोपात दोन परके संच असतात, गुणसूत्रांना जोडीदार मिळत नाहीत आणि परागकण नीट बनत नाहीत. मात्र क्वचित एखादी लिंगपेशी गुणसूत्रे निम्मी न होताच तयार होते. अशा दोन पेशी एकत्र आल्या की प्रत्येक गुणसूत्राची प्रत हजर होते आणि रोप फळू लागते. रशियात कार्पेचेंको यांनी 1920 च्या दशकात मुळा आणि कोबी यांच्या संकरातून असे सुपीक झाड मिळवले होते. पुढे 1943 मध्ये फ्रांडसन यांनी मोहरीचीही कृत्रिम निर्मिती केली. त्यामुळे यूंनी रेपसीड घडवले, मोहरी नव्हे, ही शंकाही उरली नाही. हरितलवकातल्या डीएनएच्या तुलनेने तर आई कोण हेही सांगितले. लवके आईकडून येतात आणि मोहरीची लवके रापाची निघाली, म्हणजे काळी मोहरी हा बाप.

मग मोहरीत आज दिसणारे वैविध्य आले कुठून, हा प्रश्न रास्त आहे. भारतात ती मुख्यतः तेलबी, चीनमध्ये मात्र तिची पानांसाठी, फुगीर खोडासाठी आणि मुळासाठी वेगवेगळी वाणे आहेत. प्रत्येक रूपासाठी वेगळा संकर झाला असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत जनुकीय अभ्यासाने एकाच, पश्चिम आशियातल्या उगमाकडे बोट दाखवले. तसे असेल तर कोबीची कथा इथे दुसऱ्यांदा घडली: उगम संकरातून, वैविध्य निवडीतून. याला एक उणी बाजू आहे. संकर मोजक्याच रोपांचा झाला असेल, तर मूळ जातींतले बरेचसे वैविध्य नव्या जातीत आलेच नसणार. म्हणून पैदासकार मूळ जातींचा पुन्हा संकर करून नवी मोहरी घडवतात, तर कधी दूर वाढलेल्या वंशांचा मेळ घालतात. 2022 मध्ये पर्यावरणात सोडण्यास मंजुरी मिळालेल्या ‘डीएमएच-11’ या जनुकबदल केलेल्या वाणातही एक पालक भारतीय, तर दुसऱ्याचे मूळ पूर्व युरोपीय मोहरीत आहे. त्या वाणाबद्दल मत काहीही असो, कुळकथेतून निघणारा धडा व्यवहाराचा आहे: मोहरी जपायची तर तिचेच बियाणे साठवून भागणार नाही, सलगम, सरसों, काळी मोहरी आणि त्यांचे रानटी सगेसोयरेही जपावे लागतील, कारण मोहरीचे उरलेले भांडवल त्यांच्याकडेच आहे.