यमूची साक्ष

विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. पुढच्याच वर्षी बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा मान मोठा, पण माझ्या नववीच्या मुली चार पानांतच कंटाळायच्या. विधवांची दुःखं ऐकायला लागावं, तोच उपदेश सुरू. उपदेश त्यांना घरीदारी पुरेसा मिळतो.

हरिभाऊ आपट्यांची यमू निराळी. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली तेव्हा, १८९० साली, हरिभाऊ सव्वीस वर्षांचे होते. यमू स्वतःच बोलते. आधी नुसतं बालपण: दादा, आई, तापट वडील, मैत्रीण दुर्गी. मग लग्न, शिकवणारा नवरा, मुंबईतले थोडे सुखाचे दिवस, वैधव्य आणि शेवटी बळजबरीचं केशवपन. वर्गात वाचताना मी शेवटाची घाई कधी केली नाही. यमूशी आधी मैत्री जमली पाहिजे. ती जमली, की मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं सोळावं कलम, लग्नाला दोघांची मोकळी संमती हवी म्हणणारं, फळ्यावर लिहायचं. ते १९४८ चं. एरवी मुली ते परीक्षेपुरतं पाठ करतात. यमूनंतर मात्र दुर्गीला हे लागू झालं असतं का, यावर भांडतात.

१८९१ च्या कायद्यानं संमतिवय दहावरून बारा केलं आणि त्यावरून पुण्यात केवढं रण माजलं, हे सांगितलं की वर्ग आधी हसायचा. बारा म्हणजे सातवीतली बहीण, हे ध्यानात आलं की हसू थांबायचं.

कादंबरी सुरू झाली त्याच वर्षी मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं नाभिक मंडळींची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरलं. पोटावर पाय येणार हे ठाऊक असून! माझ्या मते सुधारणेच्या इतिहासात याला एका ओळीपेक्षा जास्त जागा हवी. एकदा एकीनं विचारलं, “बाई, त्या न्हाव्यांची गोष्ट कुणी लिहिली?” हरिभाऊंचं जग पांढरपेशा घरांचं, तिथे ती सापडायची नाही. वाड्याबाहेरच्या माणसानं स्वतःच्या तोंडानं बोललेलं ऐकायचं तर बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’कडे जावं लागतं, म्हणजे थेट १९६३ साली. ती कथा मी दहावीसाठी राखून ठेवायचे. नववीला यमूच वर्षभर पुरायची.