खांब कुठे कुजतो?

कुत्र्यांचा अ‍ॅजिलिटी हा खेळ छपराखाली जन्मला. १९७८ साली लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात क्रफ्ट्सचा डॉग शो भरला होता. मधल्या रिकाम्या वेळात प्रेक्षकांची करमणूक व्हावी म्हणून जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून कुत्र्यांसाठी अडथळ्यांची शर्यत बेतली. तिथे ऊनही नव्हतं आणि पाऊसही. पुढे हा खेळ लोकांच्या परसात आला. पुण्यातल्या परसात आला की त्याची गाठ थेट ज्येष्ठ-आषाढाशी पडते.

माझी गावठी कुत्री बुंदी मागच्या अंगणात रोज हा खेळ खेळते, म्हणून मला हे सामान कसं मरतं ते जवळून दिसतं. साध्या प्लायचे थर पावसात सुटतात. पीव्हीसीचा पाइप पाण्याला भीत नाही, पण एप्रिल-मेचं ऊन त्याला ठिसूळ करतं, आणि तडकलेल्या पाइपाची कड सुरीसारखी असते. लोखंड रंगाच्या आतून गंजतं. सगळ्यात वाईट म्हणजे वरून धडधाकट दिसणारी, आतून भुसा झालेली फळी. पंधरा किलोची कुत्री पूर्ण वेगात तिच्यावर चढते. फळी मोडली तर खांदा जायबंदी व्हायला एक क्षण पुरतो.

उघड्यावर व्यायामाचं लाकूड टिकवायची अडचण या शहराला नवी नाही. मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त आहे, पण आजच्या मल्लखांबाचं श्रेय परंपरेने बाळंभटदादा देवधरांना, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाच्या काळाला दिलं जातं. खांब सागाचा किंवा शिसवीचा. जमिनीवर साधारण साडेआठ फूट, बुडाशी ५५ सेंटिमीटर घेर, वर निमुळता. त्याला एरंडेल चोळतात, ते अंगाचं घर्षण कमी व्हावं म्हणून. लाकडाला त्याचा थोडाफार फायदा होत असेल, पण खांबाला खरी गरज असते ती मातीखाली, आणि तिथे एरंडेल पोचत नाही.

त्याच दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला विश्रामबागवाडा पाहा. १८०७च्या सुमाराला तो पुरा झाला. १८७९च्या आगीत त्याचा भाग जळाला, नंतर दुरुस्त्या झाल्या, पण थोरल्या रस्त्यावरून जाताना सुरूच्या आकाराचे सागवानी खांब आजही दिसतात. त्या काळचा मल्लखांब मात्र माझ्या पाहण्यात एकही नाही.

लाकूड एकच, मग एवढा फरक का? वाड्याचा खांब मातीत रोवत नाहीत. तो दगडी तळखड्यावर उभा असतो आणि डोक्यावर छप्पर असतं. मल्लखांब मात्र रोवलाच पाहिजे, नाहीतर मुलं त्यावर चढणार कशी? आणि लाकूड कुजतं ते बरोबर माती आणि हवा भेटतात त्या पट्ट्यात. बुरशीला ओल हवी, तशीच हवाही हवी. खूप खोल हवा कमी, उंचावर ओल टिकत नाही. जमिनीलगतच्या वीतभर जागेत दोन्ही मिळतात. वाळवीची वाटही तिथूनच. सागाच्या गाभ्यात किडीला न मानवणारी द्रव्यं असतात, म्हणून गाभा दम धरतो. बाहेरचं पांढुरकं लाकूड मात्र सागाचं असलं तरी इतर लाकडांसारखंच जातं. ‘साग आहे, काय होतंय’ असं म्हणणाऱ्या विक्रेत्याला मी आधी फळीची कड दाखवायला सांगतो.

जुन्या लोकांनी बुडाला डांबर फासून यावर उपाय केला. आता सभागृहातल्या स्पर्धांत मल्लखांब लोखंडी बैठकीत बसवतात. खेळ छपराखाली गेला, म्हणजे अ‍ॅजिलिटीच्या नेमका उलटा प्रवास.

मी वाड्यांचं ऐकलं. बुंदीच्या फळ्या आता फरशीच्या तुकड्यांवर उभ्या असतात, मातीला कुठेच टेकत नाहीत. कापलेल्या टोकांना रंगाचे तीन हात, कारण लाकूड पाणी पितं ते टोकाकडून. चढायच्या बाजूला रंगात वाळू मिसळलेली, पंजा घसरू नये म्हणून. मृगाच्या आधी प्रत्येक सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघतो. आत गेला, तर ती फळी बाद.

नवी फळी घ्यायची तर पाडलेल्या वाड्यांचं सागवान विकायला येतं. परवा पाहिलेल्या तुळईत जुनी खाच होती आणि तिच्यात मोडलेला हाती घडवलेला खिळा. दुकानदार घनफुटाचा भाव सांगत होता. वाडा कुठला, ते त्याला ठाऊक नव्हतं.