सर्व्हर कुणाच्या मापाचा?

'अमुक ठिकाणी डेटा सेंटर येणार' अशी बातमी आली की आम्ही पत्रकार ठरलेल्या तीन गोष्टी छापतो. जमीन किती एकर, गुंतवणूक किती कोटी, रोजगार किती. आत रॅकमध्ये जे यंत्र बसणार ते कुणी बनवलं, कुणाच्या गरजेनुसार बनवलं, आणि बिघडलं तर उघडून दुरुस्त कोण करणार, हे कुणी विचारत नाही. मीही बरीच वर्षं विचारलं नव्हतं. पण या प्रश्नाला पासष्ट वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा मुंबई-पुण्यातच घडलाय. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर वाचा.

सुरुवात कुलाब्यातून. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) १९६० साली देशी बनावटीचा संगणक पूर्ण क्षमतेने सुरू झाला. पुढे १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं 'टीफ्रॅक'. शास्त्रज्ञांनी स्वतःच्या आकडेमोडीसाठी स्वतःच बनवलेलं यंत्र, म्हणजे अगदी मापाचं. पण बाहेरच्या जगाचा वेग इतका होता की तयार होईपर्यंत ते जुनंही झालं होतं.

बाकी देशात तेव्हा आयबीएमचं राज्य होतं. त्यांची १४०१ ही यंत्रं इथे भाड्याने मिळत. त्यातली बरीच परदेशात वापरून झालेली, इथे डागडुजी करून पुन्हा भाड्याने दिलेली. म्हणजे थोरल्याचा शर्ट उसवून धाकट्याला! भाडं मात्र जोरात. पुढे फेरा कायद्याने परकीय भांडवलावर चाळीस टक्क्यांची मर्यादा घातली. आयबीएमला शंभर टक्के मालकी हवी होती. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. १९७८ मध्ये आयबीएमने गाशा गुंडाळला.

या प्रसंगावर आजही दोन तट पडतात. 'देश वीस वर्षं मागे गेला' म्हणणारे एकीकडे, 'बरं झालं' म्हणणारे दुसरीकडे. मला यातली एक बारीक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आयबीएम गेली तरी तिची यंत्रं इथेच होती, ती चालवणं भाग होतं. ते काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आलं. तिच्या जन्मनावातच 'मेंटेनन्स' हा शब्द होता. दुसऱ्याची यंत्रं खोलून दुरुस्त करता करता या माणसांचा हात बसला, आणि याच सीएमसीने रेल्वेचं संगणकीय आरक्षण उभं केलं. १९८६ मध्ये दिल्लीत ते सुरू झालं. आपल्या रेल्वेतले कोटे, वेटिंग लिस्ट, आरएसी, सवलती हे सगळं बाहेरून विकत आणलेल्या तयार प्रणालीत मावलं असतं का? यंत्र परदेशीच होतं, पण त्यावरची व्यवस्था आपल्या मापाने शिवलेली होती.

त्याच सुमाराला बँकांचा विषय आला. रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीने १९८४ मध्ये शाखांमध्ये यंत्रं बसवायची शिफारस केली. कर्मचारी संघटनांचा विरोध मोठा होता आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. पण एचसीएल, विप्रो यांच्यासारख्या देशी कंपन्यांना यातून मोठं गिऱ्हाईक मिळालं. गिऱ्हाईक नीट ठरवून मागायला लागलं की बनवणारा तयार होतो.

आता पुणे. ऐंशीच्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी महासंगणक हवा होता. तो अमेरिकेची क्रे कंपनी बनवायची. अमेरिकेला धास्ती की हे यंत्र अण्वस्त्रांच्या गणितासाठी वापरलं जाईल. हो-ना करता करता हवामानासाठी एक मिळालं, तेही मागितलं त्यापेक्षा कमी ताकदीचं आणि कुठल्या कामाला वापरायचं याच्या अटींसकट. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा होता, तो मिळालाच नाही.

मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. प्रमुख विजय भटकर, आपल्या अकोला जिल्ह्यातले. मुदत तीन वर्षं. क्रेसारखा एक अवाढव्य वेगवान प्रोसेसर बनवणं आपल्या आवाक्यात नव्हतं. त्यांनी दुसरा रस्ता धरला. ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे 'ट्रान्सप्युटर' नावाचे छोटे प्रोसेसर खुल्या बाजारात मिळत. प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या. असे अनेक एकत्र गुंफायचे आणि काम वाटून द्यायचं. ऊसतोडीला एक पैलवान न लावता टोळी लावावी तसं. अवघड भाग तोडणीचा नाही, वाटपाचा. कुणी कुठली सरी धरायची, कुणी कुणासाठी थांबायचं हे ठरवणारं सॉफ्टवेअर सी-डॅकने लिहिलं. १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. एक परम तर थेट मॉस्कोत बसला.

ही गोष्ट आपण इथवरच सांगतो. 'अमेरिकेने नाकारलं, आम्ही करून दाखवलं', टाळ्या, शेअर. पण पुढची गोष्ट अवघड आहे. इन्मॉस १९८९ मध्येच दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली होती, ट्रान्सप्युटरची पुढची पिढी रखडली. ज्या चिपवर घर बांधलं तिचा कारखानाच डळमळला. पुढच्या परममध्ये इंटेलची चिप आली. १९९८ च्या 'परम १००००' मध्ये सनचे सर्व्हर होते आणि २००३ च्या 'परम पद्म'मध्ये आयबीएमचे प्रोसेसर. हो, तीच आयबीएम! जोडणी आपली, रचना आपली, पण पोटातलं हृदय दरवेळी बाहेरचं.

२००७ मध्ये पुण्यातच टाटांच्या सीआरएल कंपनीने 'एका' उभारला. सरकारी पैसा नाही. तो जगात चौथा आला, आशियात पहिला. त्यातले सर्व्हर एचपीचे. यात कमीपणा नाही, जगभर असंच बनतं. पण या दोन पायऱ्यांतला फरक बातम्यांत पार पुसला जातो. जोडलेलं सगळं 'स्वदेशी' होऊन जातं.

आता अलीकडचं. २०१५ मध्ये ४,५०० कोटींची राष्ट्रीय महासंगणक मोहीम मंजूर झाली. तिचा सगळ्यात उपयोगी भाग मला वाटतो तो 'रुद्र' सर्व्हर. सी-डॅकने स्वतः आराखडा केलेला, भारतात बनलेला. प्रोसेसर इंटेलचा, हे इथेच सांगून टाकतो. या सर्व्हरचे तीन 'परम रुद्र' २६ सप्टेंबर २०२४ ला देशार्पण झाले. खर्च १३० कोटी. त्यातला एक आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे. तिच्या तीस तबकड्यांतून येणारा डेटा चाळून क्षणभर चमकून जाणाऱ्या रेडिओ लहरी शोधायच्या. दुसरा दिल्लीत पदार्थविज्ञानासाठी, तिसरा कोलकात्यात. प्रत्येकाचं काम वेगळं. दुर्बिणीला डेटा आत घेण्याचा वेग हवा, हवामानवाल्यांना हजारो प्रोसेसरचा आपसातला संवाद हवा, एआयवाल्यांना जीपीयू. 'मापाचा सर्व्हर' म्हणजे हेच. नुसता महागडा म्हणजे मापाचा नव्हे.

खासगीतही हे काम चालतं. फरीदाबादच्या नेटवेबने पुण्याच्या सी-डॅकसाठी 'ऐरावत' बनवला. तो जून २०२३ च्या जागतिक यादीत ७५ वा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने लॅपटॉपबरोबर सर्व्हरच्या आयातीवरही परवाना लावायचं जाहीर केलं. ओरड झाली आणि ते ढिलं पडलं. चर्चा सगळी लॅपटॉपची झाली. सर्व्हरचा शब्द कुणी काढला नाही.

माझा मुद्दा आपल्या गावपातळीचा आहे. नागरी बँका, साखर कारखाने, दूध संघ, नगरपालिका, रुग्णालयं यांच्याकडे आपला पैसा आणि आपली माहिती आहे. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की पेमेंटचा डेटा देशातच ठेवा. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला. ठेवायचं कुठे हे ठरलं. कशावर ठेवायचं, हे मात्र निविदा लिहिणारा ठरवतो. त्याला आपली गरज माहीत नसेल तर विक्रेत्याने दिलेला कागदच निविदा होतो. मग रोज काही हजार व्यवहार करणाऱ्या बँकेकडे हत्ती येतो, किंवा मार्चअखेरीला बसून जाणारं यंत्र येतं. दोन्हीचं बिल सभासदांच्या माथी.

सी-डॅक सध्या 'औम' नावाच्या प्रोसेसरवर काम करतेय, म्हणजे हृदयही आपल्या आराखड्याचं. ते होईल तेव्हा होईल. तोवर वार्षिक सभेला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारून बघा. आपला सर्व्हर कुठे आहे, त्याची क्षमता कुणी ठरवली, आणि तो बंद पडला तर किती तासांत कोण येतं? उत्तर मिळालं तर खाली कमेंटमध्ये लिहा. नाही मिळालं तर तेही लिहा.