अ‍ॅलेग्रा: एक गोळी, एक मुलगी

१/ सततच्या शिंका, वाहणारे नाक, अंगावर उठणाऱ्या गांधी. अशा वेळी औषधाच्या दुकानात हमखास कानी पडणारे नाव म्हणजे ‘अ‍ॅलेग्रा’. हे नाव त्या गोळीहून फार जुने आहे.

२/ ‘अल्लेग्रो’ या इटालियन विशेषणाचा अर्थ आनंदी, चपळ. पाश्चात्त्य संगीतात द्रुत लयीसाठी हाच शब्द वापरतात. ‘अल्लेग्रा’ हे त्याचे स्त्रीलिंगी रूप आणि मुलीचे नावही.

३/ औषधाचा इतिहास अलीकडचा. झोप न आणणारे टर्फेनाडीन हे औषध १९८५ साली अमेरिकेत आले. यकृतात त्याचे फेक्सोफेनाडीन होई आणि खरा गुण त्याचाच असे. काही प्रतिजैविके सोबत घेतल्यास मात्र हे रूपांतर अडे, मूळ औषध रक्तात साठे आणि हृदयाची लय बिघडे. काही रुग्ण दगावले.

४/ मग फेक्सोफेनाडीनच थेट गोळीत आले. अमेरिकेत १९९६ साली त्याला मंजुरी मिळाली. व्यापारी नाव ठरले अ‍ॅलेग्रा.

५/ या नावाची सर्वांत करुण कहाणी मात्र १९व्या शतकातली. १२ जानेवारी १८१७ रोजी इंग्लंडमधील बाथ येथे क्लेअर क्लेअरमाँटला मुलगी झाली. वडील कवी लॉर्ड बायरन. विवाह झालेला नव्हता. आईने तिला ‘आल्बा’ म्हटले, वडिलांनी ‘अलेग्रा’.

६/ पुढच्याच वर्षी तिला इटलीत बायरनकडे धाडण्यात आले. १८२१ मध्ये, अवघ्या चौथ्या वर्षी, त्याने तिला बान्याकाव्हाल्लो येथील मठात ठेवले. आईचा विरोध व्यर्थ ठरला. वडिलांनी भेटायला यावे, असे पत्र मुलीने पाठवले. बायरन गेला नाही.

७/ २० एप्रिल १८२२ रोजी, वयाच्या पाचव्या वर्षी, तापाने ती त्याच मठात वारली.

८/ बायरनने तिचा देह इंग्लंडमध्ये हॅरो येथे पाठवला. चर्चमध्ये तिच्या नावाची शिला बसावी, ही त्याची इच्छा. विवाहबाह्य अपत्य म्हणून स्थानिकांनी ती नाकारली. चर्चच्या दाराजवळ, कोणत्याही खुणेविना तिला पुरण्यात आले.

९/ बायरन सोसायटीने तेथे स्मृतिफलक बसवला तो १९८० साली, १५८ वर्षांनंतर. आज गोळ्यांच्या पाकिटापाकिटावर छापलेले हे नाव एका लेकराच्या थडग्यावर कोरण्यास दीड शतक लागले. आनंदाचे नाव बापाने दिले; त्या नावाला जागणे ना त्याला जमले, ना त्या समाजाला.