गाडीची बॅटरी घरीच बदलताय? आधी मायनस, मग प्लस!

गणपती जवळ आले की वाकोल्यातल्या आपल्या माणसांना गावची ओढ लागते. महिनाभर गल्लीत उभी असलेली गाडी नेमकी निघायच्या दिवशी ‘कट् कट्’ करते आणि सेल्फ घेत नाही. माझ्या मावसभावाचं असंच झालं. गडबडीत त्याने आधी प्लसची नट सोडवायला घेतली, पाना बॉनेटच्या पत्र्याला टेकला आणि मोठी ठिणगी उडाली. थोडक्यात निभावलं. म्हणून ही माहिती.

बॅटरीच गेली आहे का?
आधी टर्मिनल बघा. ते सैल असेल किंवा त्यावर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल, तर साफ करून घट्ट केल्यावरही गाडी चालू होऊ शकते. मीटर असेल तर गाडी बंद असताना मोजा. चांगली चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती उतरलेली आहे. आधी चार्ज करून बघा, चार्ज धरत नसेल तरच बदला.

धोका कुठे?
बॅटरीत गंधकाचं आम्ल असतं आणि तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तो ठिणगीने पेटतो, बॅटरी फुटू शकते. त्यामुळे जवळ विडी-सिगारेट नको. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला.

क्रम असा
१. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा. चावी काढून खिशात ठेवा आणि एक काच खाली ठेवा.
२. जोडणीचा मोबाईलवर फोटो काढा.
३. आधी मायनस (–) सोडवा, मग प्लस (+). गाडीचा सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो. मायनस निघाली की पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही.
४. पट्टी सोडवून बॅटरी सरळ उचला, तिरकी करू नका. छोट्या गाडीचीही दहा किलोच्या आसपास भरते.
५. टर्मिनलच्या क्लिपा खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरड्या करा.
६. नवी बॅटरी त्याच मापाची, तेवढ्याच अँपिअरची घ्या. प्लस-मायनसची बाजूही तीच हवी. पट्टी घट्ट आवळा.
७. जोडताना उलटं: आधी प्लस, मग मायनस. वरून थोडं व्हॅसलिन लावा.

घड्याळ आणि रेडिओ पुन्हा सेट करावे लागतील. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या, हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना मात्र घरी हात लावू नका.

आम्ल उडालं तर
डोळ्यात गेलं तर चोळू नका. किमान १५ ते २० मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. वाकोलेकरांना सांताक्रूझ पूर्वेचं पालिकेचं व्ही. एन. देसाई रुग्णालय जवळ आहे.

जुनी बॅटरी
ती कचऱ्यात टाकू नका, आम्ल गटारात ओतू नका. वाकोला नाला पुढे मिठी नदीला मिळतो, आणि शिसं पाण्यातून, मातीतून माणसाच्या पोटात जातं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी वेगळीच द्यायची असते. दुकानदाराला परत केली की नवीच्या किमतीत सूटही मिळते.

गावाकडे ट्रॅक्टरची बॅटरी काढतानाही एवढं ध्यानात ठेवा: काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.