फ्रीमाँटच्या शाळा आणि आपली लिफ्ट

मुलगी-जावई कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असल्याने आम्हा उभयतांचे तिकडे तीन-चारदा जाणे झाले. नातवाला शाळेत सोडता-आणताना तिथल्या सरकारी शाळांचा इतिहास कळत गेला. आपल्यापैकी बऱ्याच जणांची नातवंडे अमेरिकेत शिकतात, म्हणून स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला.

फ्रीमाँट हे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठचे उपनगर. पूर्वी इथे सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज अशी पाच गावे होती. भोवती शेती आणि जर्दाळूच्या बागा. १९५६ साली पाचांचे मिळून एक शहर झाले. शाळा मात्र वेगवेगळ्या मंडळांकडेच होत्या. त्या १९६४ मध्ये एका ‘युनिफाइड स्कूल डिस्ट्रिक्ट’खाली आल्या.

हा डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. शाळा चालवणारी ती स्वतंत्र संस्था, नगरपालिकेपासून वेगळी. लोकांनी निवडून दिलेले पाच सदस्य कारभार पाहतात. फी नाही, पण मुलाची शाळा साधारणपणे घराच्या पत्त्यावरून ठरते. त्यामुळे नावाजलेल्या शाळेच्या हद्दीतले घर महाग! २००० साली बोर्डाने हद्दी बदलून मिशन सॅन होजे भागातली काही मुले अर्व्हिंग्टनच्या हायस्कूलकडे वळवली, तेव्हा पालक खवळले. आमचा डिस्ट्रिक्ट वेगळा करा, इथपर्यंत गेले. तो काही झाला नाही.

आता पैशाची बाजू. बँकवाल्याला तीच आधी दिसणार. शाळांचा मोठा आधार घरपट्टी. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ ने तिला करपात्र किमतीच्या एक टक्क्याची मर्यादा घातली आणि शाळा राज्य सरकारच्या पैशावर अवलंबून झाल्या. इमारतींसाठी कर्जरोखे काढायचे तर लोकांचे मत घ्यावे लागते, कारण फेड जादा घरपट्टीतून होते. पूर्वी त्याला दोन-तृतीयांश मते लागत. २००० नंतर ५५ टक्के पुरतात. जून २०१४ मध्ये फ्रीमाँटकरांनी असे ६५ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले.

मुलीच्या शेजारच्या आजोबांची मुले केव्हाच शिकून दूर गेलेली. मी विचारले, “तुम्ही कशाला भरता?” म्हणाले, “माझी मुलं शिकत होती, तेव्हाही कोणीतरी भरतच होतं ना?”

मी गप्प झालो. कारण आपल्या सर्वसाधारण सभेत, “मी तळमजल्यावर राहतो, लिफ्टचे पैसे का द्यायचे?” म्हणून तावातावाने भांडणारा मीच. उपविधीत खर्च सर्वांना सारखा लिहिलेला, तरी वर्षभर थकबाकी ठेवली होती.

परत आल्यावर सेक्रेटरींकडे चेक नेऊन दिला. ते काही बोलले नाहीत, चहा मात्र पाजला.